पंप सुरू होत नाही तेव्हा

पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळलेला भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहावयास शिकण्याची चाल महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि त्या विहिरीचे पाणी निर्मळ राखण्यासाठी कोणास वेगळी तजवीज करावी लागली नाही. कारण तळाचे झरे अहोरात्र नवे पाणी पुरवीत असत आणि मोटेने किंवा रहाटाने जुने पाणी रोजच्या रोज उपसले जात असे. बांधीव जलतरण तलावाची गोष्ट याहून सर्वस्वी भिन्न आहे. त्याला तळ आहे, भिंती आहेत, फरशी आहे. पण झरा नाही. एकदा भरलेले पाणी महिनोन्‌महिने तेच राहते, आणि शेकडो माणसे त्यात उतरत असताही ते आरोग्यास निर्धोक ठेवावयाचे असेल, तर ते सतत तलावातून बाहेर काढून, गाळून, औषध मिसळून पुन्हा आत सोडावे लागते. हे कार्य पंप करतो. म्हणून पंप हाच अशा तलावाचा झरा होय, आणि तो बंद पडला की तलाव म्हणजे साचलेल्या पाण्याचे डबके होण्यास फारसा अवधी लागत नाही.

या कामाचा व्याप आकड्यांवरून ध्यानात येईल. क्रीडासंकुलांत आढळणारा २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव घेतला, तर त्यात सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर पाणी मावते. आणि एवढे सर्व पाणी सहा तासांत एकदा गाळले जावे अशी अपेक्षा धरली, तर ताशी जवळजवळ ७३ हजार लिटर पाणी वाळूच्या गाळणयंत्रातून पुढे ढकलावे लागते. हा प्रवाह थांबला की क्लोरिन सर्वत्र सारखा पोहोचत नाही, जो पोहोचलेला असतो तो उन्हाने झपाट्याने क्षीण होतो, पोहणाऱ्यांच्या अंगचा घाम, तेल आणि मळ पाण्यातच राहतो, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात थोड्याच दिवसांत भिंतींवर शेवाळाचा निसरडा हिरवा थर धरू लागतो.

साहजिकच, एखाद्या सकाळी कळ दाबूनही पंप सुरू झाला नाही म्हणजे व्यवस्थापकावर तगादा सुरू होतो, आणि तगाद्याखाली माणूस घाई करतो. स्विच पुन्हापुन्हा दाबला जातो, फ्यूजमध्ये नेहमीपेक्षा जाड तार घातली जाते, रिले बोटाने दाबून धरला जातो; आणि जो दोष अल्प खर्चात दूर झाला असता, तो मोटर जळण्यापर्यंत नेऊन पोहोचविला जातो. वस्तुतः पंप सुरू न होण्याची कारणे मोजकी आहेत, प्रत्येकाची लक्षणे निराळी आहेत, आणि ती लक्षणे क्रमाने पाहिली तर कोणताही भाग उघडण्यापूर्वीच दोष कोठे असावा याचा बराचसा निर्णय होऊ शकतो. तो क्रम वाचकांस समजावून देणे हाच या प्रकरणाचा उद्देश आहे.

पंपाची घडण

तलावावरील पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो. त्याच्या पोटात वक्र पात्यांचे एक चक्र असते, त्यास इम्पेलर म्हणतात. ते वेगाने फिरू लागले की मध्यभागी शिरलेले पाणी पात्यांच्या योगाने परिघाकडे फेकले जाते, आणि त्या वेगाचे रूपांतर दाबात होऊन पाणी नळात चढते. पाती सरळ असण्यापेक्षा वक्र असणे किती हितावह आहे, हे १८५१ च्या लंडन येथील भव्य प्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्ड या इंग्रज यंत्रज्ञाने आपला पंप इतरांच्या शेजारी चालवून सप्रमाण दाखविले, आणि तेव्हापासून या जातीच्या पंपाचा प्रसार जगभर झाला. महाराष्ट्रात त्याची ओळख घरोघर झाली ती शेतीच्या निमित्ताने. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसविलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून नांगरांच्या पाठोपाठ पंपही बाहेर पडू लागले, आणि विहिरीवरच्या मोटेची जागा हळूहळू या यंत्राने घेतली. तलावावरचा पंप हा त्याच कुळातला. फरक इतकाच की त्याच्या तोंडाशी केस, पाने व काड्या अडविणारी जाळी बसविलेले एक पारदर्शक झाकणाचे भांडे असते.

इम्पेलर ज्या दांड्यावर बसतो तो शाफ्ट सरळ मोटरमध्ये जातो, आणि जेथे तो पंपातून बाहेर पडतो तेथे पाणी गळू नये म्हणून कार्बन व चिनी माती यांच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर दाबून बसविलेल्या असतात, त्यांस सील म्हणतात. मोटरचे तत्त्व फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे आहे. इटलीचे गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत स्थायिक झालेले निकोला टेस्ला या दोघांनी १८८८ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते जगापुढे मांडले. तीन फेजच्या मोटरमध्ये हे क्षेत्र आपोआपच फिरते; पण एका फेजवर चालणाऱ्या मोटरमध्ये एकटे वेटोळे असे फिरते क्षेत्र निर्माण करू शकत नाही, ते जागच्या जागी नुसते स्पंदन पावते. म्हणून तेथे दुसरे एक वेटोळे घालून त्याच्या मार्गात कपॅसिटर, ज्याला आपले वायरमन कंडेन्सर म्हणतात, तो बसवावा लागतो. त्याच्या योगाने दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह पहिल्याच्या पुढे सरकतो आणि दोहोंच्या मिलाफाने क्षेत्र फिरू लागते. हे तत्त्व ध्यानात ठेवावे, कारण पुढील निदानाचा मोठा भाग त्यावरच आधारलेला आहे.

तपासापूर्वीचा बंदोबस्त

पाणी आणि वीज यांचे सान्निध्य प्राणघातक असते, आणि तलावाच्या पंपघरात तर ओली फरशी, ओले हात व अनवाणी पाय हे नेहमीचेच असते. म्हणून तपासाच्या आरंभी तलावातील सर्व माणसांस बाहेर काढावे. पंप बंद आहे, तेव्हा पाण्यात असावयास काय हरकत आहे, हा युक्तिवाद मानू नये, कारण मोटरमधून जमिनीकडे झिरपणारी वीज हेच पंप बंद पडण्याचे कारण असू शकते. नंतर मेन स्विच पाडून त्यावर काम चालू असल्याची पाटी लावावी आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावे. पंपाला टायमर जोडलेला असेल, तर नेमलेल्या वेळी तो आपण होऊन मोटर सुरू करील, हे विसरू नये. मेन स्विच पाडल्यावरही कंडेन्सरमध्ये विद्युत्‌भार शिल्लक राहू शकतो. तो पुरेशा ओहमांच्या रोधकातून उतरविल्याशिवाय त्याच्या टोकांस स्पर्श करू नये, आणि स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो उतरविण्याची जी सवय अनेकांस असते ती सर्वथा सोडावी.

कोणी काय करावे याचीही मर्यादा येथेच सांगणे इष्ट होय. पाण्याची पातळी पाहणे, वाल उघडे आहेत की नाहीत हे तपासणे, जाळी साफ करणे, स्विचांची स्थिती न्याहाळणे आणि मोटरचा आवाज ऐकणे ही कामे तलावाच्या कोणाही जाणत्या सेवकास करता येतील. पण स्टार्टरचे झाकण उघडणे, तारा सोडविणे किंवा चालू विजेवर मापे घेणे हे परवानाधारक वायरमनचेच काम आहे. वाचकाने या प्रकरणातून मिळविलेले ज्ञान वायरमनच्या जागी उभे राहण्यासाठी न वापरता त्याला नेमकी माहिती देण्यासाठी वापरावे, आणि त्याने केलेल्या कामाची परीक्षा करण्यासाठी वापरावे.

मोटर मुळीच आवाज करीत नाही

स्टार्टरची हिरवी कळ दाबली, आणि मोटरमधून घुमण्याचा किंवा थरथरण्याचा कसलाही आवाज आला नाही, तर वीज मोटरपर्यंत पोहोचलेलीच नाही असे प्रथम गृहीत धरावे. अशा स्थितीत मोटर उघडणे म्हणजे निव्वळ कालापव्यय होय. विजेच्या मार्गाने, मीटरपासून मोटरपर्यंत, एकेक टप्पा तपासत पुढे जावे, आणि मागचा टप्पा निःशंक झाल्याखेरीज पुढच्यास हात घालू नये.

पंपघरातला दिवा लागतो, म्हणून वीज आहे, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. पण दिवा एका फेजवर लागतो आणि मोठ्या पंपास तीन लागतात, तेव्हा दिव्याच्या प्रकाशावरून उरलेल्या दोन फेजविषयी काहीच सिद्ध होत नाही. टेस्टरवरही पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण एक फेज तुटलेला असताही मोटरच्या वेटोळ्यांतून उलट फिरून आलेल्या विजेने टेस्टर तिन्ही टोकांवर उजळू शकतो. खात्रीचा उपाय एकच: मीटर लावून प्रत्येक दोन फेजमधील दाब मोजणे. तो तिन्ही जोड्यांत ४१५ व्होल्टच्या आसपास आणि जवळजवळ सारखा भरला पाहिजे. एका फेजच्या पंपात फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळाला पाहिजे.

त्यानंतर एमसीबी पाहावा. तो पडला म्हणजे त्याची दांडी पुष्कळदा मधल्या स्थितीत थांबते आणि वरवर पाहणाऱ्यास तो चालू असल्याचा भास होतो. तो आधी पूर्ण खाली ओढून मगच वर करावा लागतो. टायमरचे घड्याळ वीज गेल्याने मागे पडले असेल, तर पंप बिघडलेला नसून त्याची वेळच झालेली नसते. ज्या तलावांचे पाणी काठावरून वाहून खालच्या साठवणटाकीत उतरते, तेथे टाकीत तरंगता स्विच असतो, आणि टाकीतले पाणी कमी झाल्यास पंप कोरडा फिरू नये म्हणून तो स्विच पंपास सुरूच होऊ देत नाही. अशा ठिकाणी टाकीत पाणी सोडणे एवढीच दुरुस्ती पुरते.

हे सर्व यथास्थित असेल, तर स्टार्टरकडे वळावे. त्यातील ओव्हरलोड रिले एकदा पडला की निवेपर्यंत वाट पाहून रीसेटची कळ दाबावी लागते. कळ दाबताच कॉन्टॅक्टर ओढला गेल्याचा खट्‌ असा आवाज येतो की नाही, ही खूण महत्त्वाची: आवाज आला नाही तर दोष कॉन्टॅक्टरच्या कॉईलमध्ये किंवा तिच्याकडे जाणाऱ्या तारांत शोधावा, आवाज आला पण मोटर स्तब्ध राहिली तर जळलेले संपर्कबिंदू किंवा पुढची केबल यांची तपासणी करावी. आपल्याकडे मुंग्या व पाली स्टार्टरच्या उबेस येतात आणि संपर्कबिंदूंमध्ये चिरडून तेथे अडथळा निर्माण करतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्याहून घातक गोष्ट म्हणजे क्लोरिनची पावडर व अ‍ॅसिडचे कॅन पंपघरातच साठविणे. त्यांच्या वाफेने तांब्याच्या तारा काळ्या पडतात, स्क्रू गंजतात, आणि वर्षभरात नवा स्टार्टरसुद्धा बेभरवशाचा होतो. रसायने आणि विजेचे फलक यांस स्वतंत्र खोल्या असाव्यात, हा नियम बांधकामाच्या नकाशातच पाळला गेला पाहिजे.

मोटरच्या टर्मिनलपर्यंत पूर्ण दाबाने वीज पोहोचते, आणि तरीही मोटर मूक राहते, असे निश्चित झाले तरच आतील वेटोळे तुटल्याचा संशय घ्यावा. तेव्हाही, मोटरमध्ये उष्णतेने उघडणारा अंतर्गत रक्षक असू शकतो, हे लक्षात घेऊन ती पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मगच रिवाइंडिंगच्या दुकानाचा रस्ता धरावा.

मोटर घुमते, पण फिरत नाही

मोटरमधून जड घुमण्याचा आवाज येतो, अंगास थरथर जाणवते, पण मागचा पंखा हलत नाही, ही अवस्था सर्वांत धोक्याची समजावी. २ अश्वशक्तीची एका फेजची मोटर चालू स्थितीत साधारण १० अँपिअर वीज घेते. तीच अडकून राहिली तर पाच-सहा पट, म्हणजे ५० ते ६० अँपिअर घेऊ लागते, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेटोळ्यांत पंचवीस ते छत्तीस पट उष्णता उत्पन्न होते. शिवाय मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्याने तोही थांबलेला असतो. म्हणून घुमण्याचा आवाज ऐकताच पंप तत्क्षणी बंद करावा. आपोआप फिरेल म्हणून वाट पाहण्यात मोटर जळते.

येथे चार कारणे संभवतात: कंडेन्सर निकामी होणे, फिरणारा भाग अडकणे, विजेचा दाब अपुरा असणे आणि तीनपैकी एक फेज तुटणे. त्यांची निवड करण्याची पहिली कसोटी अगदी साधी आहे. मेन स्विच पाडून, फ्यूज काढून, मागच्या पंख्याचे आवरण सोडवावे आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला तर दोष विजेकडचा. तो अडला किंवा खरखरला तर दोष यंत्राकडचा. या एका कृतीने अर्धा तपास पुरा होतो, म्हणून ती कधीही टाळू नये.

शाफ्ट मोकळा असून मोटर एका फेजची असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. दुसऱ्या वेटोळ्याचे साह्य नाहीसे झाले की क्षेत्र फिरत नाही, स्पंदन मात्र पावते, आणि घुमण्याचा आवाज हा त्या स्पंदनाचाच आवाज असतो. कंडेन्सर फुगलेला, तेल झिरपलेला किंवा तळाशी करपलेला असेल तर तो पाहताच ओळखू येतो. पण बाहेरून निर्दोष दिसणारा कंडेन्सरही आतून क्षीण झालेला असू शकतो, म्हणून त्याची क्षमता मीटरने मोजून त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याशी ताडून पाहावी. छापलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे सामान्यतः पाच ते दहा टक्क्यांहून, अधिक घट आढळली तर तो बदलावा. नवा कंडेन्सर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा असावा. मोठा घातला म्हणजे मोटर जोराने सुटेल ही समजूत चुकीची असून, अवाजवी मोठ्या कंडेन्सरने वेटोळे तापून आयुष्य घटते. कंडेन्सर गेलेला असता चालू विजेवर शाफ्टला हिसका देऊन मोटर सुरू करण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते, आणि मोटर फिरू लागतेही. परंतु मिनिटास सुमारे २,९०० फेरे घेणाऱ्या पंख्याजवळ हात नेण्याचे हे साहस बोटे गमावण्याचे साहस आहे, आणि त्यास सक्त मनाई असावी.

दाबाचा प्रश्न उन्हाळ्यात व सायंकाळी अधिक उद्भवतो. अशा मोटरचे फिरविण्याचे सामर्थ्य दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर दाब २२ टक्क्यांनी घटतो, पण सामर्थ्य जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटते, आणि मोटर सुरू होऊ शकत नाही. दाब मोजावयाचा तो मोटर सुरू करण्याच्या क्षणी. बंद स्थितीत मीटर पूर्ण आकडा दाखवितो आणि भार पडताच लांब, बारीक केबलमुळे किंवा सैल जोडामुळे तो कोसळतो. तीन फेजच्या मोटरमध्ये एक फेज गेला तर ती स्थितीही घुमण्यानेच प्रकट होते. आपल्याकडील प्रचलित स्टार्टरची कॉईल दोनच फेजांवर चालते, त्यामुळे तिसरा फेज तुटला तरी कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि सर्व काही ठीक असल्याचा भ्रम होतो. या आपत्तीपासून रक्षण करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर किंमतीने अल्प आणि उपयोगाने बहुमोल असल्यामुळे त्याविना तीन फेजचा पंप चालवू नये.

शाफ्ट अडलेला असेल, तर प्रथम तोंडाकडील भांडे उघडावे. जाळी फाटली असेल तर कडुलिंबाच्या काड्या, केसांचे पुंजके, केसांत घालावयाच्या पिना, फरशीच्या सांध्यातील खडे असे काहीही इम्पेलरमध्ये जाऊन बसते. ते निघाल्यावरही शाफ्ट मोकळा झाला नाही, तर पावसाळाभर किंवा थंडीभर पंप बंद होता काय, याची चौकशी करावी. दीर्घ काळ पडून राहिलेल्या पंपात सीलच्या चकत्या एकमेकींस चिकटतात आणि लोखंडी भाग गंजाने धरतात. अशा शाफ्टला हाताने पुढे-मागे हळूहळू झोके देऊन सोडवावे. पान्ह्याने जबरीने फिरविल्यास चिनी मातीची चकती तडकते. सील गळून पाणी बेअरिंगमध्ये शिरलेले असेल, तर पंप व मोटर यांच्या मधल्या जागेत गंजाचे तांबूस ओघळ दिसतात; मग नुसते बेअरिंग बदलून भागत नाही, सीलही त्याच वेळी बदलावे लागते, नाहीतर नवे बेअरिंग त्याच मार्गाने जाते.

सुरू होताच स्विच पडतो

स्विच कोणता पडतो आणि किती वेळाने पडतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत दोषाची बहुतेक कैफियत सामावलेली असते. कळ दाबताच एमसीबी पडला तर वेटोळ्यात किंवा केबलमध्ये शॉर्ट झाल्याची शक्यता अधिक. मात्र नुकताच एमसीबी बदलला असेल तर त्याचा वर्ग पाहावा, कारण तीन ते पाच पट प्रवाहास तत्क्षणी पडणारा ‘बी’ वर्गाचा एमसीबी निर्दोष मोटरचाही सुरुवातीचा प्रवाह सोसू शकत नाही, तेथे पाच ते दहा पटीस पडणारा ‘सी’ वर्गाचाच लागतो. काही मिनिटे चालून ओव्हरलोड रिले पडला तर मोटर अतिरिक्त भार ओढीत आहे किंवा रिले चुकीच्या आकड्यावर लावलेला आहे असे समजावे. टाँग टेस्टरने प्रवाह मोजून तो मोटरच्या पाटीवरील आकड्याशी जुळवून पाहिला की याचा निकाल लागतो.

आरसीसीबी पडणे याचा अर्थ मात्र एकच: वीज आपला मार्ग सोडून जमिनीकडे जात आहे. माणसाच्या रक्षणासाठी बसविलेले हे साधन ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीस सेकंदाच्या अल्पांशात वीज तोडते, कारण त्याहून अधिक प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. पावसाळ्यात तळघरातील पंपघर दमट झाले, मोटरमध्ये पाणी शिरले किंवा केबलचे आवरण उंदरांनी कुरतडले की हे घडते. तेव्हा मेगरने वेटोळे व मोटरचे अंग यांमधील रोध मोजावा. तो एक मेगोहमपेक्षा कमी भरला तर मोटर उतरवून भट्टीत सुकवून घ्यावी आणि रोध पूर्ववत झाल्याचे पाहूनच परत बसवावी. भारतीय वीज नियम, १९५६ यांनी तीन फेजच्या मोटरच्या अंगास दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्याची सक्ती केली होती. त्या दोन्ही तारा शाबूत आहेत काय, हेही याच वेळी पाहावे.

वारंवार पडणारा आरसीसीबी काढून टाकून सरळ जोड देणे हा ज्या तलावावर मुले पोहतात तेथे अक्षम्य गुन्हा आहे. फ्यूजमधील जाड तार, दाबून धरलेला रिले आणि वगळलेला आरसीसीबी या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच: रक्षकाच्या साक्षीकडे अडथळा म्हणून पाहण्याची वृत्ती. जो स्विच पडतो तो आपले कर्तव्य बजावीत असतो. त्याला पुन्हा वर करण्यापूर्वी तो का पडला हे सांगता आलेच पाहिजे.

मोटर फिरते, पण पाणी येत नाही

येथे पंप सुरू झालेला असतो, तथापि तलावाच्या दृष्टीने तो बंदच असतो, म्हणून याचाही थोडक्यात विचार करू. हवा पाण्याहून सुमारे आठशे पट हलकी असल्यामुळे इम्पेलर हवेत फिरला तर उत्पन्न होणारा दाब नगण्य असतो; म्हणून पंपाच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरून, झाकणाचे रबरी कडे स्वच्छ पुसून घट्ट बसवून मगच तो सुरू करावा लागतो. तलावाची पातळी, पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाखाली उतरली असेल, ओढीच्या बाजूचा वाल बंद राहिला असेल किंवा त्या बाजूच्या नळास बारीकशी चीर असेल, तर पंप हवा धरतो. तीन फेजच्या मोटरमध्ये दुरुस्तीनंतर दोन तारांची अदलाबदल झाली तर ती उलट फिरते, आणि ही चूक सहज लक्षात येत नाही. कारण केंद्रोत्सारी पंप उलट फिरूनही पाणी त्याच दिशेस टाकतो, फक्त फार थोडे टाकतो. मोटरवर कोरलेल्या बाणाशी फिरण्याची दिशा ताडून पाहणे हाच त्यावरचा इलाज.

पुन्हा सुरू करताना

दुरुस्ती झाली म्हणजे काम संपले असे नाही. किंबहुना मोठा अपघात होण्याचा एक क्षण येथेच असतो. क्लोरिनचे द्रावण आणि पाण्याचा सामू उतरविणारे अ‍ॅसिड ही दोन्ही लहान पंपांनी थेंबाथेंबाने नळात सोडली जातात. मुख्य पंप बंद पडूनही हे लहान पंप चालू राहिले, तर ती दोन्ही रसायने साचलेल्या पाण्यात एकत्र येतात, त्यांच्या संयोगाने विषारी क्लोरिन वायू बनतो, आणि मुख्य पंप सुरू होताच तो एकदम तलावात उसळतो. या प्रकाराने पोहणारी माणसे गुदमरल्याच्या घटना निरनिराळ्या देशांत घडलेल्या आहेत. म्हणून मुख्य पंप थांबताच रसायनांचे पंपही आपोआप थांबतील अशी जोडणी केलेली असावी, आणि पंप बंद पडल्यानंतर तो प्रथम सुरू करताना पाण्यात एकही माणूस नसावा. तळाच्या ओढनळीवरील जाळ्या पक्क्या बसलेल्या आहेत, याचीही खात्री त्याच वेळी करून घ्यावी. मोकळ्या ओढनळीची ओढ पोहणाऱ्याचे केस किंवा अंग धरून ठेवण्याइतकी प्रबळ असते.

अखेरीस प्रत्येक तलावाच्या व्यवस्थापकास एक आग्रहाची विनंती आहे. पंपघरात एक नोंदवही ठेवावी आणि पंप सुरळीत चालू असतानाच तीत रोज विजेचा दाब, मोटरचा प्रवाह, गाळणयंत्राच्या दाबमापकाचा आकडा आणि आवाजात जाणवलेला फरक यांची नोंद करावी. निरोगी अवस्थेचे माप दप्तरी असेल तरच बिघाडाचे माप कळते. हळूहळू चढत गेलेला प्रवाह बेअरिंग थकत असल्याचे आधीच सांगतो, आणि कंडेन्सर दुर्बळ होऊ लागला की मोटर सुटावयास लागणारा वेळ दिवसेंदिवस वाढत जातो. पंप पुन्हा चालू झाल्यावर सर्व पाणी निदान एकदा गाळले जाईपर्यंत थांबावे, नंतर मुक्त क्लोरिन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असल्याची मोजून खात्री करावी, तळ स्वच्छ दिसतो हे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच तलावाचा दरवाजा उघडावा.